गाडीची पायरी किती उंच असावी, हे नेमकं कधी ठरतं?

फलाटाची कड आणि डब्याची फरशी यांच्या उंचीत आपल्याकडे साधारण ४५ सेंटिमीटरचा फरक असतो. उंच फलाट रुळापासून जास्तीत जास्त ८४ सेंटिमीटर वर असतो आणि लांब पल्ल्याच्या डब्याची फरशी सुमारे १.३ मीटरवर. धडधाकट माणसाला हा फरक जाणवतही नाही. दांडी धरली, पायऱ्या चढल्या, झालं.

आता सोलापूरहून रात्री मुंबईकडे निघणारी गाडी लागली की दारांपाशी काय चालतं ते बघा. या गाडीला दवाखान्यासाठी निघालेली माणसं पुष्कळ असतात. कुणाची परळच्या टाटा रुग्णालयात तारीख असते, कुणाला केईएममध्ये दाखवायचं असतं. हातात फाईल, काखेत एक्स-रेची मोठी पिशवी, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगाचटणी. सत्तरीच्या एक आजी दाराशी येतात. उजवा हात दांडीवर, डावा मुलाच्या खांद्यावर. पाय पायरीवर टेकतो, पण गुडघा शरीराला वर उचलत नाही. सून मागून कमरेला आधार देते, आतला कुणीतरी दंडाला धरून ओढतो, मागची माणसं 'चला, चला' करत असतात. आजी शेवटी आत पोचतात, पण पुढची पाच मिनिटं त्यांचा श्वास जागेवर येत नाही.

त्या वेळी तिथे हजर असलेल्या कुणाच्याही हातात ते ४५ सेंटिमीटर नसतात. टीसीच्या नाही, स्टेशन मास्तरांच्या नाही, मदत करणाऱ्या हमालाच्याही नाही. ते ठरले कागदावर, डबा बांधायच्या कितीतरी आधी. रेल्वे प्रवासाबद्दल आपण बोलतो भरपूर, तक्रारीही करतो. पण आपलं बहुतेक बोलणं गाडी तयार होऊन रुळावर आल्यानंतरचं असतं. तोवर बदलण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. नव्या गाड्या बांधल्या जात असताना सामान्य माणसाचं म्हणणं केव्हा आणि कसं आत शिरू शकतं, हे समजून घ्यायचं असेल तर आधी गाडी अशी का असते ते बघावं लागेल.

फरशी इतकी उंच का?

डबा थेट चाकांवर बसत नाही. दोन्ही टोकांना चार-चार चाकांचा एकेक भक्कम गाडा असतो आणि डबा त्यावर टेकवलेला असतो. आपल्याकडे डब्याच्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर आहे. चाकाच्या वर त्या गाड्याची चौकट, स्प्रिंगा आणि स्प्रिंगांना खालीवर व्हायला मोकळी जागा. हे सगळं धरून फरशी वर जाते. त्यात पाण्याच्या टाक्या, ब्रेकचं सामान, विजेची यंत्रं हे बहुतेक सगळं फरशीखालीच टांगायची रीत आहे.

मग फलाट उंच करा, असं कुणीही म्हणेल. मुंबईच्या लोकलच्या बाबतीत ते झालं. २०१४ मध्ये घाटकोपरला गाडी आणि फलाट यांच्यातल्या पोकळीत पडून एका मुलीला दोन्ही हात गमवावे लागले. त्यानंतर उच्च न्यायालयाने हा विषय लावून धरला आणि फलाट ९० सेंटिमीटरच्या पुढे उचलले गेले. पण सोलापूरच्या रुळांवरून एकाच मापाची गाडी जात नाही. त्याच फलाटांजवळून सिमेंटच्या, कोळशाच्या मालगाड्या जातात, वेगवेगळ्या पिढ्यांचे डबे जातात, आणि त्या प्रत्येकाला फलाटाच्या कडेपासून सुरक्षित अंतर लागतं. आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. रुळांची देखभाल करताना खाली खडी भरून रूळ थोडे उचलले जातात. रूळ वर गेले की फलाट आपोआप 'खाली' जातो. एकदा उंच केलेला फलाट कायम तेवढाच उंच राहील याची खात्री नसते.

छोट्या स्टेशनांवर तर प्रकरण आणखी अवघड आहे. मध्यम उंचीचा फलाट साडेपंचेचाळीस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे वर चढायचं ८० सेंटिमीटरहून जास्त. काही ठिकाणी फलाट जवळपास रुळाच्याच पातळीत असतो आणि माणसं शिडी चढल्यासारखी डब्यात चढतात. गावाकडून पंढरपूरला निघालेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यांना हे काही नवीन नाही.

दुसरा मार्ग फरशी खाली आणण्याचा. युरोपात अशा गाड्या भरपूर आहेत. दोन टोकांच्या चाकांच्या मधल्या भागात फरशी ५५-६० सेंटिमीटरपर्यंत उतरवतात, तिथेच दारं ठेवतात आणि फलाटही ५५ सेंटिमीटरचा बांधतात. फलाटावरून सरळ आत चालत जायचं. फरशीखालची यंत्रं मग छतावर चढवावी लागतात. चाकांच्या वरचा भाग मात्र उंचच राहतो, त्यामुळे आतल्या आत पायऱ्या किंवा उतार येतो. तिथेही चूक होऊ शकते. स्वित्झर्लंडच्या रेल्वेने मागवलेल्या नव्या दुमजली गाड्यांमध्ये दाराजवळचा उतार फार चढणीचा आहे, व्हीलचेअरवरच्या माणसाला तो एकट्याने पार करता येत नाही, असा आक्षेप २०१८ मध्ये अपंगांच्या संघटनेने घेतला आणि प्रकरण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गाड्या तोवर बांधून झाल्या होत्या. श्रीमंत देश, नामांकित कारखाना, कडक कायदा, सगळं असूनही उताराचा कोन वेळेवर कुणी पुरेसा तपासला नाही.

तिसरा मार्ग उताराची फळी लावायचा. हा ऐकायला सोपा वाटतो, म्हणून हिशेबच करून बघू. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा असावा असं आपल्याकडचं मानक सांगतं. म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. ४५ सेंटिमीटर चढायचे तर फळी ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवी. एवढी फळी गर्दीच्या फलाटावर आडवी टाकणार कुठे, आणि कुर्डुवाडीला दोन-तीन मिनिटं थांबणाऱ्या गाडीला ती लावून काढणार कधी? फळी आखूड केली की चढ इतका उभा होतो की मागून ढकलणाऱ्या दोघांच्या जिवावर खुर्ची वर जाते. त्यामुळे व्हीलचेअर दारात उचलणारी छोटी लिफ्ट डब्यातच बसवावी लागते किंवा फलाटावर ठेवावी लागते. ती चालवायला माणूस लागतो, आणि 'या डब्याला लागणार आहे' हे त्याला आधी कळवावं लागतं. एका उंचीमुळे वेळापत्रक, कर्मचारी आणि तिकिटाची संगणक प्रणाली हे सगळंच त्यात ओढलं जातं.

कुर्डुवाडीचा जुना धडा

गाडीचा आराखडा म्हणजे सगळा सौदा असतो. वजन, रुंदी, लांबी, आसनं, खर्च, यातलं एक वाढवलं की दुसरं कमी होतं. हे आपल्या सोलापूर जिल्ह्याला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक असायला हरकत नाही. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून अडीच फूट अंतराच्या अरुंद रुळांवर धावायची. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने एक आकडा धरला: कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, मग ते इंजिन असो की वाघीण. त्या एका आकड्यावरून त्याने बाकीचं सगळं बेतलं. हलके रूळ चालले, खर्च वाचला, आणि तरीही डब्यांत जागा मिळाली. बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज अशी ती गाडी पसरत गेली. आज तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. त्यातून घ्यायचं एवढंच, की आराखड्यात जो आकडा सगळ्यात आधी धरला जातो तो जिंकतो आणि नंतर आलेल्याला उरलेल्या जागेत बसावं लागतं.

आपल्याकडे बहुतेक वेळा आधी धरला जातो तो एका डब्यात किती माणसं मावतील हा आकडा. त्यात गैर काही नाही; आषाढीची गर्दी किंवा दिवाळीची सुट्टी ज्याने बघितली आहे तो हा आकडा कधीच हलका मानणार नाही. पण 'मदतीशिवाय आत येता यायला हवं' हा मुद्दाही सुरुवातीलाच त्या आकड्याशेजारी लिहिला गेला तर आराखडा वेगळा निघतो. तो शेवटी जोडला तर गाडीच्या टोकाला एक खास कप्पा तेवढा मिळतो.

हा कप्पा आपण सगळ्यांनी बघितला आहे. मेल-एक्सप्रेस गाड्यांत गार्डच्या डब्यालगत दिव्यांगांसाठी वेगळा भाग असतो. दार रुंद, संडास मोठा. नसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण एक डबा साधारण २४ मीटरचा. बावीस डब्यांची गाडी म्हणजे अर्धा किलोमीटरहून लांब. स्टेशनचं मुख्य दार साधारण मधोमध, हा डबा टोकाला. खुर्ची ढकलत गर्दीतून तिथवर जायचं, ते टोक इंजिनाकडचं आहे की मागचं हे आधी विचारून ठेवायचं, आणि घरची बाकी मंडळी दुसऱ्याच डब्यात. सोबत एकच जण बसू शकतो. अपंग माणूस लग्नालाही जातो, सहलीलाही जातो, नातवंडांच्या गोंगाटात पत्ते खेळत जायला त्यालाही आवडतं, हे त्या आराखड्यात कुठे दिसत नाही.

आराम मोजता येतो

आराम म्हणजे मनाचा मामला, तो कसा मोजणार, असं वाटतं. पण त्यातला बराच भाग चक्क मोजता येतो. बसलेल्या माणसाच्या शरीराला खाली-वर होणारे सेकंदाला चार ते आठ हेलकावे सगळ्यात जास्त त्रास देतात, आणि डावी-उजवीकडचे एक-दोन. आतडी, पाठीचा कणा, मान यांची नैसर्गिक लय त्याच पट्ट्यात येते म्हणून. त्यामुळे स्प्रिंगा आणि हवेचे फुगे असे निवडतात की रुळांचे धक्के त्या पट्ट्यातून बाहेर काढले जावेत. लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था नव्या डब्यांच्या चाचण्या घेताना हे हेलकावे यंत्राने नोंदवते.

आसनाचं गणित आणखी रंजक आहे. 'सरासरी माणूस' धरून आसन केलं तर ते जवळजवळ कुणालाच नीट बसत नाही. म्हणून अभियंते दोन टोकं धरतात. बैठकीची उंची ठरवताना सगळ्यात बुटक्या बायका बघायच्या, कारण पाय लोंबकळले की मांडीखालची नस दबते आणि तासाभरात मुंग्या येतात. पुढच्या आसनापर्यंतची जागा ठरवताना सगळ्यात उंच पुरुष बघायचे. सामानाची फळी बुटक्यांसाठी, दाराची उंची उंचांसाठी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय शरीरांची मापं गोळा केलेली आहेत. परदेशी डब्याचं आसन जसंच्या तसं उचललं तर सोलापूरच्या विडी कारखान्यातल्या एखाद्या मावशींचे पाय जमिनीला टेकणार नाहीत, हे त्या मापांवरून आधीच कळू शकतं.

आता वंदे भारतचं उदाहरण बघू. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी रेल्वेने प्रवाशांच्या अभिप्रायावरून पुढच्या गाड्यांमध्ये पंचवीसच्या आसपास सुधारणा जाहीर केल्या. पाठ मागे टेकण्याचा कोन १७.३१ अंशांवरून १९.३७ अंश केला. बैठकीची गादी किती टणक असावी ते सुधारलं. मोबाइल चार्ज करायची जागा हाताला लागेल अशी केली. हात धुवायचं बेसिन खोल केलं, कारण पाणी उडून कपडे भिजत होते. आणि व्हीलचेअर जागेवर घट्ट धरून ठेवायला पक्के अडकवण दिले.

ही यादी मला फार महत्त्वाची वाटते, दोन कारणांसाठी. एक तर लोक बोलले आणि रेल्वेने ऐकलं, हे खरंच घडलं. दोन अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण साडेसहा तास बसणाऱ्या मणक्याला तो फरक कळतो. दुसरं कारण थोडं अस्वस्थ करणारं आहे. बेसिनमधलं पाणी अंगावर उडतं हे कळायला गाडी ताशी १३० किलोमीटरने पळवावी लागत नाही. चालत्या गाडीसारखं हलणारं एक बेसिन आणि हात धुणारी दहा माणसं पुरतात. व्हीलचेअर वळणावर सरकते हे तर कुठल्याही व्हीलचेअरवाल्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं. या सूचना आल्या त्या गाड्या धावायला लागल्यावर. कापड बेतल्यावर माप घेण्याचा हा प्रकार आहे. पुढचा सदरा नीट होतो, पण शिवून झालेला तसाच वापरावा लागतो.

जुनं उदाहरणही आहे. २००७च्या सुमारास स्लीपरच्या डब्यात बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा बर्थ घातला गेला होता. डब्यात माणसं वाढली, पण त्यात धड बसता येईना, की झोपता येईना, की खालच्याला मान सरळ करता येईना. तक्रारी इतक्या आल्या की तो काढावा लागला. एका लाकडी सांगाड्यात तीन माणसांना तासभर आडवं करून बघितलं असतं तरी हे सगळं टळलं असतं.

लाकडी डबा

जगभर यासाठी एक साधी रीत आहे. खरा डबा बांधायच्या आधी लाकूड, फोम, पुठ्ठा वापरून पूर्ण आकाराचा नकली डबा उभा करायचा. चाकं नाहीत, इंजिन नाही, पण दार, पायरी, आसन, बर्थ, संडास खऱ्या मापाचे. त्यात माणसांना बोलवायचं आणि बघत बसायचं. इथे खिळा काढून दांडी दहा सेंटिमीटर खाली आणता येते, अर्ध्या तासात, नगण्य खर्चात. तोच बदल पोलादाचा साचा तयार झाल्यावर करायचा तर महिने जातात, आणि शंभर डबे धावायला लागल्यावर करायचा तर प्रत्येक डबा कारखान्यात परत न्यावा लागतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बार्ट या रेल्वेने २०१४ मध्ये असा पूर्ण आकाराचा नमुना वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन लोकांना दाखवला. दाराजवळ मधोमध एक खांब होता, उभ्या प्रवाशांना धरायला. बुटक्या माणसांना तो हवाच होता, कारण वरची कडी हाताला लागत नव्हती. व्हीलचेअरवाल्यांनी मात्र सांगितलं की तो खांब नेमका आमच्या वाटेत येतो, गर्दीत खुर्ची वळवताच येत नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. वाद झाला, बैठका झाल्या आणि शेवटी खांबांच्या जागा बदलल्या.

लोकांना विचारलं की असे पेच पडणारच, आणि ते पडावेतच. अंध प्रवाशाला दार उघडताना घंटी हवी, रात्री झोपलेल्याला ती नको. एक रुंद संडास म्हणजे दोन-तीन आसनं कमी. चादरींचे गठ्ठे घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला सामानाला जागा हवी, तीच जागा बाळाच्या पाळण्यालाही हवी. हे पेच आराखडा काढणाऱ्याने एकट्याने बंद खोलीत सोडवले तर कुणाचा तरी विसर पडतो. समोरासमोर सोडवले तर निदान 'तुमचं म्हणणं घेतलं नाही, कारण हे' एवढं तरी ऐकायला मिळतं. हे कारण परत सांगणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सूचना पेटीत चिठ्ठी टाकली आणि पुढे काही कळलंच नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कुणी चिठ्ठी टाकत नाही.

लाकडी डब्यात लोकांना 'आवडलं का?' असं विचारू नये. पाहुणचाराच्या भिडेने आपली माणसं 'छान आहे' म्हणतात आणि निघून जातात. काम द्यावं आणि बघावं. संडासाचंच घ्या, कारण म्हातारी माणसं प्रवास टाळतात त्याचं हे मोठं कारण आहे, आणि त्यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही. कितीतरी आजी मुंबईला निघाल्या की दुपारपासून पाणी पिणं बंद करतात. त्यांना आत पाठवा, नऊवारी किंवा नेहमीच्या लुगड्यात. दाराची कडी एका हाताने सरकते का? पिशवी अडकवायला खुंटी आहे का, की ती ओल्या फरशीवर ठेवावी लागते? दोन्ही हातांनी लुगडं सावरलं तर गाडी हलताना धरायचं कशाने? भारतीय पद्धतीच्या भांड्यावरून उठताना हात आपोआप जिथे जातो, दांडी तिथे आहे की चित्रात छान दिसली तिथे? पाण्याचं बटण बसल्या जागेवरून सापडतं का? व्हीलचेअरसाठी आत दीड मीटर व्यासाचा मोकळा गोल आणि ९० सेंटिमीटरचं दार हवं, हे आकडे मानकात असतात. पण पाण्याचा मग आणि टमरेल ठेवायची जागा मानकात नसते. ती आजीच सांगू शकतात, आणि त्याही तोंडाने नाही, त्यांच्या हालचालीतून.

बर्थचंही तसंच. वरच्या बर्थवर चढायच्या कांबी अनवाणी पायांना रुततात. मधला बर्थ उघडला की खालच्याला पाठ वाकवून बसावं लागतं. वंदे भारत स्लीपरचा पहिला नमुना सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरूत दाखवला तेव्हा वर चढायच्या शिडीची सुधारणा मुद्दाम सांगितली गेली, ते बरंच झालं.

कुणाला बोलवायचं?

इथे सगळ्यात मोठी चूक होते. प्रवाशांचं सर्वेक्षण स्टेशनवर आणि गाडीत केलं जातं. म्हणजे जे प्रवास करू शकतात त्यांनाच विचारलं जातं. जो पायरीला घाबरून वर्षानुवर्षं घरी बसला आहे, जो भाड्याची गाडी करून दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो, तो या आकड्यांत कधीच येत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला अपंगांच्या शाळा, डायलिसिस केंद्रं, ज्येष्ठ नागरिक संघ, यंत्रमागाच्या वस्त्या इथे जावं लागेल.

सोलापूर यासाठी उत्तम गाव आहे, हे मी गावाच्या अभिमानाने म्हणत नाही. इथे एका फलाटावर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं उभी असतात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या एखाद्या आजीला मराठी कळतं, पण लिहिलेलं वाचता येईलच असं नाही. तिला डब्यातली खूण अक्षरांपेक्षा चित्रातून आणि रंगातून कळायला हवी. कर्णबधिर मुलाला पुढचं स्टेशन पडद्यावर दिसायला हवं, अंध मुलीला ते ऐकू यायला हवं, आणि आसनाचा क्रमांक बोटाला ब्रेलमध्ये लागायला हवा. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर या सगळ्यांमुळे म्हातारी, थकलेली, गठुडं डोक्यावर घेतलेली माणसं बारा महिने या स्टेशनांतून जातात. उन्हाळ्यात पारा ४२-४३च्या वर जातो, तेव्हा दाराची लोखंडी दांडी हाताला चटका देते. अशा दांडीची परीक्षा थंड हवेच्या कार्यालयात होऊ शकत नाही.

आणि कारखाना शेजारी आहे. लातूरला कोच फॅक्टरी उभी राहिली आहे आणि वंदे भारत स्लीपरच्या १२० गाड्या बांधण्याचं कंत्राट भारत-रशिया संयुक्त कंपनीला मिळालं आहे. तिथल्या गाड्यांचा पूर्ण मापाचा नमुना आषाढीच्या आधी आठवडाभर सोलापूर किंवा पंढरपूर स्टेशनच्या आवारात ठेवला, तर जी माणसं एरवी कुठल्याही बैठकीला येणार नाहीत ती स्वतःच्या पायांनी त्यात चढून जातील.

म्हणणं पोचवायचं कसं?

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि वाहतूक सगळ्यांना वापरता येईल अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात आणखी स्पष्ट केलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत; कमीत कमी काय पाळलंच पाहिजे ते बंधनकारक करा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रेल्वे मंत्रालयाने स्टेशनं आणि सुविधा दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा जाहीर करून लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. मसुदा निघतो तीच खरी वेळ. तेव्हा लिहिलेलं एक पान नंतरच्या दहा तक्रारींपेक्षा जास्त कामाचं.

१३९ क्रमांक आणि रेल मदद ही सोय चांगली आहे, पण ती मोडलेल्या गोष्टींसाठी आहे. पंखा बंद आहे, पाणी नाही, हे तिथे सांगावं. दांडी जागेवरच चुकीची आहे, ही त्या अर्थाने तक्रार नाहीच. काही मोडलेलं नसतं, त्यामुळे नोंद 'निकाली' होते. त्यासाठी विभागीय पातळीवर रेल्वे प्रवाशांची सल्लागार समिती असते, सोलापूर विभागाचीही आहे. तिच्या सदस्यांना गाठावं, लेखी द्यावं. बैठकीत गाड्यांचे थांबे आणि वेळा यांवर भरपूर बोललं जातं, तसं डब्याच्या आतल्या मापांवरही बोललं जावं.

आणि लिहिताना 'ज्येष्ठांची फार गैरसोय होते' असं लिहू नये. ते वाचून आराखडा काढणाऱ्याला काहीच करता येत नाही. कोण, काय करताना, कुठे अडलं आणि किती मापाने, हे लिहावं. टेप घेऊन जा, फोटो काढा. उदाहरणार्थ: 'आईचं वय ७४, उंची चार फूट दहा इंच, डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. फलाटावरून पहिली पायरी इतके सेंटिमीटर वर होती. दाराच्या डाव्या बाजूची दांडी तिच्या खांद्याच्या वर सुरू होते, त्यामुळे जोर लावता येत नाही. दांडी ३० सेंटिमीटर खालपर्यंत आणली तर ती कुणाच्या आधाराशिवाय चढू शकेल; घरी जिन्याला तशी लावून बघितली आहे.'